‘प्यायलेला होता’ हे कागदावर आहे का?

संध्याकाळची कसारा गाडी खर्डी स्टेशनात येते. कल्याण-मुंबईला कामाला गेलेली, भाजीच्या टोपल्या रिकाम्या करून परतलेली मंडळी उतरतात आणि पाड्यांकडे जाणाऱ्या जीप-रिक्षांकडे वळतात. एखाद्या दिवशी त्या घोळक्यात कोणीतरी हळूच म्हणते, “आज त्याच्या गाडीत नको बसू. घेऊन आलाय वाटतं.” कोणी ऐकते, कोणी घरी पोरे वाट बघताहेत म्हणून तसेच बसते. बहुतेक वेळा गाडी सुखरूप पोचते. एखाद्या वेळी पोचत नाही. मग दहाव्याच्या दिवशी ओटीवर बसून सगळे एकच सांगतात, “अहो, तो प्यायलेलाच असायचा. साऱ्या गावाला ठाऊक होते.”

वाचकहो, साऱ्या गावाला ठाऊक होते हे खरे. पण ते कोठे लिहिलेले होते का? पोलीस ठाण्यात, न्यायालयात, दवाखान्याच्या वहीत? न्यायाधीश गावाच्या तोंडाचे ऐकत नाही, कागदाचे ऐकतो. विमा कंपनीही कागदच मागते. तुम्ही-आम्ही सात-बाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे दहा खेपा घालतो, कारण जमीन कागदावर नसली तर आपली नाही हे आपल्याला पक्के कळले आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याचेही तसेच आहे. त्याचाही उतारा असतो, तो मागता येतो, आणि पुष्कळसा घरबसल्या पाहताही येतो. तो कोठे व कसा पाहावा, हे आज सांगायचे आहे.

आधी कायदा थोडक्यात

मोटार वाहन अधिनियम १९८८ सालचा. त्यातील कलम १८५ ध्यानात ठेवा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी हाच आकडा शोधायचा आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले की हा गुन्हा होतो. २०१९ साली कायदा कडक झाला. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर हीसुद्धा मोटार वाहनेच आहेत. ‘मी काय गाडी चालवत होतो, शेतातून ट्रॅक्टर तर आणत होतो,’ ही सबब रस्त्यावर चालत नाही.

ह्या कलमात एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. हेल्मेट नसल्याचा दंड जागेवर भरून मोकळे होता येते. कलम १८५ चे तसे नाही. त्यात तडजोड-शुल्क नाही, प्रकरण न्यायालयात जावेच लागते. म्हणजे रीतसर कारवाई झाली असेल तर तिचा कागद न्यायालयात असलाच पाहिजे. कोणी मिशीला पीळ देत सांगितले की, ‘पकडले होते, पण जागच्या जागी मिटवले,’ तर ती नोंदच झाली नाही असे समजा.

दुसरी गोष्ट वेळेची. ह्या गुन्ह्यात अटक केलेल्या माणसाची २ तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी करावी लागते, नाहीतर त्याला सोडावे लागते, असे कायदाच सांगतो. शिवाय रक्तातील मद्य तासागणिक उतरत जाते. अपघात रात्री ९ ला झाला आणि तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, तर सापडणार काय? म्हणून अपघात दिसला की जखमीला उचलण्याबरोबर ११२ क्रमांकावर फोन करा आणि स्पष्ट सांगा, “चालकाच्या तोंडाला दारूचा वास येतो आहे, तपासणी करावी.” त्या फोनची वेळ नोंदली जाते. तो तुमचा पहिला कागद. मदत करणाऱ्या माणसाला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा ‘उगाच कोर्टकचेरी मागे लागेल’ ह्या भीतीने मागे सरू नका.

पहिले दार : पोलीस ठाणे

खर्डी, शहापूर, कसारा, मुरबाड, टोकावडे हा सारा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. महामार्गावरचा अपघात असेल तर तो कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतो हे आधी विचारा. हद्दीचा घोळ घालून कोणी परत पाठवू लागले तर सांगा की, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते. खबर देणाऱ्याला व ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तिची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.

तुम्ही फिर्यादी नसाल तरी वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की, नाजूक स्वरूपाचे गुन्हे सोडून बाकीच्या पहिल्या खबरी पोलिसांनी २४ तासांत संकेतस्थळावर टाकाव्यात. दुर्गम भागात त्याला ७२ तासांपर्यंत मुभा आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’ असे सदर आहे. तेथे जिल्हा म्हणून ठाणे ग्रामीण निवडा, मग पोलीस ठाणे निवडा, आणि तारखा घाला. गुन्हा रजिस्टर नंबर, तारीख व कलमे समोर येतात. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे पाच मिनिटांचे काम आहे. नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात करून मिळेल.

आता कलमे कशी वाचायची ते पाहा. कलम १८५ दिसले तर दारूचा उल्लेख आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणे. कलम १२५ म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे व जखमी करणे. कलम १०६ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे आणि कलम १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यात जुन्या दंड विधानाची कलमे दिसतील. २७९ बेदरकारपणासाठी, ३३७ व ३३८ जखमांसाठी, ३०४-अ निष्काळजीपणाच्या मृत्यूसाठी आणि ३०४ भाग २ सदोष मनुष्यवधासाठी. अपघाताच्या खबरीत ही सारी कलमे आहेत पण १८५ नाही, आणि चालक प्यायलेला होता हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, तर गप्प बसू नका. तपासी अंमलदाराकडे लेखी जबाब द्या आणि पोच घ्या. कलम नंतरही वाढवता येते.

दुसरे दार : न्यायालय

खर्डीचे असे खटले सामान्यतः शहापूरच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयात चालतात, मुरबाडकडचे मुरबाडला. सदोष मनुष्यवधासारखा मोठा गुन्हा असेल तर तो पुढे सत्र न्यायालयात जातो. देशभरच्या तालुका व जिल्हा न्यायालयांतील खटल्यांची स्थिती ‘ई-कोर्ट्स’ ह्या सरकारी संकेतस्थळावर व त्याच नावाच्या मोबाइल अॅपवर फुकट पाहता येते. महाराष्ट्र, मग ठाणे जिल्हा, मग तालुक्याचे न्यायालय निवडा. शोधण्याच्या वाटा अनेक आहेत. पोलीस ठाणे, गुन्हा नंबर व वर्ष घालून, पक्षकाराच्या नावाने, खटल्याच्या क्रमांकाने, किंवा कायदा व कलम घालून. मोटार वाहन अधिनियम व कलम १८५ घातले की त्या न्यायालयातील तशा चालू किंवा निकाली खटल्यांची यादी निघते. आपल्याला हवा असलेला उतारा तो हाच.

यादीत ‘एस.सी.सी.’ असे असेल तर तो संक्षिप्त फौजदारी खटला, ‘आर.सी.सी.’ असेल तर नियमित फौजदारी खटला. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो वहीत उतरवून ठेवा, मग पुढची तारीख व निकाल कधीही पाहता येतो. नावाने शोधताना मात्र सावध राहा. नावे इंग्रजीत कोणी कशीही लिहिलेली असतात, तेव्हा दोन-तीन तऱ्हेने शोधून पाहा.

निकालाची शिक्क्याची प्रत हवी असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करा. पक्षकार नसलेल्या माणसाला कारण द्यावे लागते व न्यायालयाची परवानगी लागते. आपल्या घरचे माणूस दगावले आहे किंवा जखमी झाले आहे, हे कारण पुरेसे वजनदार आहे.

तिसरे दार : माहितीचा अधिकार

गावाने विचारायचे प्रश्न वेगळे असतात. आपल्या रस्त्यावर नाकाबंदी होते का? श्वास तपासणीचे यंत्र ठाण्यात आहे का? किती जण पकडले, कितींना शिक्षा झाली? असा गावनिहाय तक्ता कोठे लावलेला नसतो. तो माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली मागावा लागतो. अर्ज ‘जोडपत्र अ’ ह्या नमुन्यात करा व १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला शुल्क नाही, मात्र कार्डाची प्रत जोडावी लागते. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय व १५० शब्दांपर्यंतच मजकूर असावा. मजकूर असा लिहिता येईल :

“जन माहिती अधिकारी, (ठाण्याचे नाव) पोलीस ठाणे, यांस. आपल्या हद्दीत मागील ३ वर्षांत मोटार वाहन अधिनियम कलम १८५ खाली झालेल्या कारवायांची वर्षवार संख्या, कारवाईचे ठिकाण, न्यायालयात पाठवलेल्या प्रकरणांची संख्या, निकाली प्रकरणांची संख्या व त्यांपैकी शिक्षा झालेली संख्या द्यावी. श्वास तपासणी यंत्रांची संख्या व त्यांपैकी चालू स्थितीतील संख्या द्यावी.”

पाहा, ह्यात एकाचेही नाव मागितलेले नाही. नावे मागितली तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि तपास चालू असलेल्या प्रकरणाची कागदपत्रेही अडवता येतात. आकडे मागितले तर अडवायला तसे कारण उरत नाही. उत्तर ३० दिवसांत यावे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्यातील वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा. तेथेही निभावले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

आलेला कागद ग्रामसभेत वाचून दाखवा. वर्षभरात आपल्या फाट्यावर एकही कारवाई नाही असे त्यात निघाले, तर तेवढ्याच आधारावर ठराव करून संध्याकाळच्या गाडीच्या वेळी आणि बाजाराच्या दिवशी तपासणी मागता येते. नुसत्या तक्रारीला ‘बघू’ असे उत्तर मिळते. त्यांच्याच कागदाला तसे उत्तर देणे जड जाते.

कागदाने काय फरक पडतो

आपल्या राज्यातल्या दोन गाजलेल्या खटल्यांनी हे दाखवून दिले आहे. दोन्ही मुंबईत वांद्र्याच्या बाजूला घडले, आणि दोन्हींत बळी पडले ते रस्त्याच्या कडेला झोपलेले कष्टकरी.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. ७ जण ठार व ८ जखमी झाले. चालक अॅलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के मद्य असल्याचा अहवाल होता. म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम, कायद्याच्या मर्यादेच्या जवळजवळ पावणेचारपट. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून ६ महिन्यांची कैद व दंड सुनावला. मग मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरण आपण होऊन हाती घेतले, सरकारनेही अपील केले. ६ सप्टेंबर २००७ रोजी उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून शिक्षा ३ वर्षांची केली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अहवाल, पंचनामा व जबाब दप्तरात होते म्हणूनच वरच्या न्यायालयांना ते पुन्हा उघडून तोलता आले. हा निकाल आज सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो.

दुसरा खटला सिनेनट सलमान खान यांचा. २८ सप्टेंबर २००२ च्या अपघातात एक जण ठार व चार जखमी झाले. सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी ५ वर्षांची शिक्षा दिली. पण १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. गाडी तेच चालवत होते आणि मद्याच्या अमलाखाली होते, हे सरकार पक्षाला निःसंशय सिद्ध करता आले नाही, असे न्यायालय म्हणाले. रक्ताचा नमुना घेणे, ठेवणे व तपासणे ह्याबद्दलच्या पुराव्यावरही न्यायालयाने शंका घेतली. खरे काय घडले ह्याचा वाद आपण घालायला नको. आपण एवढेच शिकावे की पहिल्या रात्रीचा कागद कच्चा राहिला तर १३ वर्षांनीही तो पक्का करता येत नाही.

घरचे माणूस गेले असेल तर

नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली, आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. म्हणून वर्षश्राद्ध होऊ द्या, मग पाहू, असे करू नका. पहिली खबर, स्थळ पंचनामा, शवविच्छेदनाचा किंवा जखमेचा दाखला, चालकाचा परवाना, गाडीचे नोंदणीपत्र व विम्याचा कागद, एवढे गोळा करा. गाडी, चालक व विमा ह्यांचा तपशील शुल्क घेऊन देणे हे पोलिसांवर व परिवहन खात्यावर कायद्याने बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती ह्यांना उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो. १५१०० ह्या क्रमांकावर चौकशी करता येते.

नोंद म्हणजे निकाल नव्हे

आता एक इशारा, आणि तो मनापासून. खबरीत नाव आले म्हणजे माणूस गुन्हेगार ठरला नाही. न्यायालयाने ठरवल्यावाचून ते ठरत नाही. आपल्याकडे एका गावात एकाच नावा-आडनावाची तीन-चार माणसे सहज निघतात. वडिलांचे नाव, वय व पत्ता जुळल्याखेरीज बोट दाखवू नका. आरोपी १८ वर्षांखालील असेल तर त्याचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्यानेच बंदी आहे. निघालेली यादी चावडीवर चिकटवणे, मोबाइलवर फिरवणे किंवा सोयरिकीच्या बैठकीत कोणाला खाली पाहायला लावणे, ह्यासाठी हा कागद नाही. मुलाबाळांना कोणाच्या गाडीत बसवायचे, वऱ्हाडाची जीप कोणाची सांगायची, ट्रॅक्टरवर कोणाला ठेवायचे, एवढे शहाणपणाने ठरवण्यासाठी तो आहे.

कदाचित यादीत आपल्याच घरचे नाव दिसेल. तेव्हा कागद फाडून काय होणार? गाडी आपल्या नावावर असेल तर भरपाईचा बोजा आपल्यावर येतो. प्यायलेल्याच्या हाती जाणूनबुजून किल्ली देणाऱ्यालाही कायदा चिथावणीच्या गुन्ह्यात धरू शकतो. मालकाच्या स्वतःच्या गाडीची मोडतोड विमा कंपनी नाकारू शकते, आणि असा नकार सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली एका प्रकरणात ग्राह्य धरला आहे. एक रात्र आणि आयुष्यभर राबून घेतलेली जमीन, एवढा हा हिशेब आहे. किल्ली काढून घेणाऱ्या बायकोवर त्या रात्री आरडाओरडा होईल, पण घर तिनेच राखलेले असेल.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही शहापूर तालुक्यातून सुरू झाला. रस्ते वाढले, गाड्या वाढल्या, वेग वाढला. गावाची जाग त्या मानाने वाढायला हवी. येत्या रविवारी भाताची कामे आवरली की घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला जवळ बसवा, आपल्या तालुक्याचे न्यायालय उघडा आणि कलम १८५ घालून पाहा. जे दिसेल ते शांतपणे वाचा. पुढच्या वेळी कोणी म्हणेल, ‘साऱ्या गावाला ठाऊक आहे,’ तेव्हा त्याला विचारा, “कागदावर आहे का?” आणि नसेल, तर तो कागद करायला त्याच्याबरोबर उठा.